झुपकीच्या सात शेंगा आणि माजोरडा बोल्ट

कडुनिंबाच्या ढोलीत राहायची एक खार. खार एवढीशी, शेपटी एवढाली. म्हणून तिचं नाव झुपकी.

झुपकीला तीन पिल्लं. एकदा काय झालं? पिल्लांना लागली भूक.

चिक चिक चिक! चिक चिक चिक!

"रडू नका रे राजांनो," झुपकी म्हणाली. "पावसाआधी मी सात शेंगा लपवल्यात. आत्ता आणते!"

टुणुक टुणुक टुणुक. झुपकी झाडावरून उतरली.

पण शेंगा लपवल्या कुठे? आठवेना! खारींचं हे असंच. लपवायला हुशार, आठवायला ढ.

उखळात पाहिलं. नाहीत. कौलांखाली पाहिलं. नाहीत. गवताच्या गंजीत पाहिलं. तिथेही नाहीत.

मग आठवलं. इंजिनात!

विहिरीपाशी होतं पत्र्याचं छप्पर. छपराखाली होतं एक इंजिन. धोंडीअण्णांचं इंजिन. विहिरीतलं पाणी वर ओढायचं ते. फुक फुक फुक!

इंजिनाला होतं एक नाक. नाकातून ते हवा आत घ्यायचं. पावसाआधी त्या नाकाचं झाकण उघडं होतं. झुपकीला वाटलं, अहाहा, काय छान ढोली! तिने नाकात कापूस ठासला. कापसात सात शेंगा ठेवल्या.

मग आले धोंडीअण्णा. आत न बघताच त्यांनी झाकण लावलं. वर बोल्ट आवळला. कर्र कर्र कर्र!

मग आला पाऊस. पाऊस पडला चार महिने. बोल्ट गंजला गच्च.

टुणुक टुणुक टुणुक. झुपकी बोल्टाकडे गेली. बोल्टाच्या डोक्याला सहा कोपरे. सहाही कोपऱ्यांत माज.

"बोल्टोबा, बोल्टोबा, जरा फिर ना. शेंगा काही मिळेनात, पिल्लं माझी झोपेनात!"

"मी फिरू?" बोल्ट म्हणाला. "एका खारीसाठी? अगं, मी लोखंडाचा! पाना वळेल तर फिरेन. नाही तर इथेच बसेन!"

झुपकीने बोल्टाला दात लावले. कट्! बोल्ट हलला नाही. दात मात्र दुखला.

टुणुक टुणुक टुणुक. झुपकी पान्याकडे गेली. पाना खिळ्याला लटकला होता. आ वासून.

"पानेराव, पानेराव, जरा वळा ना. बोल्ट काही फिरेना, शेंगा काही मिळेनात, पिल्लं माझी झोपेनात!"

"वळलो असतो गं," पाना म्हणाला. "पण माझा दांडा… आखूड नाही हं! फक्त लांबीला कमी आहे. दांड्यावर नळी चढेल तर वळेन. नाही तर इथेच लटकेन!"

"बरं बाई," झुपकी म्हणाली. "तोंड एवढं मोठं, काम एवढं छोटं."

टुणुक टुणुक टुणुक. झुपकी नळीकडे गेली. नळी कोपऱ्यात आडवी पडली होती. लांबच लांब. आतून पोकळ.

"नळीबाई, नळीबाई, पान्यावर चढा ना. पाना काही वळेना, बोल्ट काही फिरेना, शेंगा काही मिळेनात, पिल्लं माझी झोपेनात!"

"भूऽऽऽ!" नळी म्हणाली. पोकळ माणसं अशीच बोलतात. "गंज आधी हलवा! उगाच मी चढायचं, उगाच मी वाकायचं? हातोडा ठोकेल तर चढेन. नाही तर इथेच पडेन! भूऽऽऽ!"

टुणुक टुणुक टुणुक. झुपकी हातोड्याकडे गेली. हातोडा उंबऱ्याशी डोकं टेकून बसला होता. डोकं एवढं जड, की उचलवेना.

"हातोडेराव, हातोडेराव, जरा ठोका ना. नळी काही चढेना, पाना काही वळेना, बोल्ट काही फिरेना, शेंगा काही मिळेनात, पिल्लं माझी झोपेनात!"

"कोरडंच ठोकू?" हातोडा म्हणाला. "बोल्टाचं डोकं तुटलं म्हणजे? नाव कुणाचं खराब? माझं! तेल मुरेल तर ठोकेन. नाही तर इथेच टेकेन!"

टुणुक टुणुक टुणुक. झुपकी तेलाच्या बुधलीकडे गेली. बुधली कोनाड्यात बसली होती. पोट मोठं, मान बारीक.

"बुधलीबाई, बुधलीबाई, थोडं तेल मुरवा ना. हातोडा काही ठोकेना, नळी काही चढेना, पाना काही वळेना, बोल्ट काही फिरेना, शेंगा काही मिळेनात, पिल्लं माझी झोपेनात!"

"माझं तेल काय वाटेवर सांडलंय?" बुधली म्हणाली.

टप्! बुधलीच्या बुडातून एक थेंब सांडला.

"तो थेंब माझा नाही!" बुधली म्हणाली. "बोल्टावर गंजाचा थर. त्यात मी मुरू कशी? ब्रश घासेल तर मुरेन. नाही तर इथेच राहीन!"

टप्! आणखी एक थेंब सांडला.

टुणुक टुणुक टुणुक. झुपकी तारेच्या ब्रशाकडे गेली. ब्रश बादलीत पडला होता. डोक्यावर सगळ्या मिळून अकरा तारा. त्याही वाकड्या.

"ब्रशराव, ब्रशराव, जरा घासा ना. तेल काही मुरेना, हातोडा काही ठोकेना, नळी काही चढेना, पाना काही वळेना, बोल्ट काही फिरेना, शेंगा काही मिळेनात, पिल्लं माझी झोपेनात!"

"हळू बोल," ब्रश म्हणाला. "माझा भांग मोडेल. आणि घासू कसा? मला काय हात आहेत? हात आहेत अण्णांना. अण्णा उठतील तर घासेन. नाही तर इथेच लोळेन!"

टुणुक टुणुक टुणुक. झुपकी धोंडीअण्णांकडे गेली.

धोंडीअण्णा बाजेवर पडले होते. मिशी वर, पोट वर, पाय त्याहून वर. आठ दिवस झाले, इंजिन बंद होतं. आठ दिवस झाले, अण्णा म्हणत होते, "उद्या बघू." शेजारी म्हणाले, "अण्णा, मेकॅनिक बोलवा." अण्णा म्हणाले, "मेकॅनिक कशाला? माझ्या हातांत जादू आहे!"

आत्ता ते दोन्ही हात डोक्याखाली होते.

"अण्णा, अण्णा, जरा उठा ना. ब्रश काही घासेना, तेल काही मुरेना, हातोडा काही ठोकेना, नळी काही चढेना, पाना काही वळेना, बोल्ट काही फिरेना, शेंगा काही मिळेनात, पिल्लं माझी झोपेनात!"

अण्णांनी एक डोळा उघडला. अर्धाच.

"उठलो असतो गं," अण्णा म्हणाले. "एका झटक्यात बोल्ट काढला असता. पण चहा कुठाय? चहा उकळेल तर उठेन. नाही तर इथेच घोरेन!"

आणि घोरलेसुद्धा. खुर्रर्र… फूस्!

टुणुक टुणुक टुणुक. झुपकी सगुणाकाकूंकडे गेली. सगुणाकाकू म्हणजे अण्णांची बायको. त्या लांबच्या हापशावरून येत होत्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, कपाळावर घाम.

"काकू, काकू, चहा टाका ना. अण्णा काही उठेनात, ब्रश काही घासेना, तेल काही मुरेना, हातोडा काही ठोकेना, नळी काही चढेना, पाना काही वळेना, बोल्ट काही फिरेना, शेंगा काही मिळेनात, पिल्लं माझी झोपेनात!"

काकूंनी हंडा उतरवला. कळशी उतरवली.

"चहा?" काकू म्हणाल्या. "कुठल्या पाण्याचा? हा हंडा म्हशीला, ही कळशी वांग्यांना. वांग्यांनी बघ कशा माना टाकल्यात! इंजिन चालेल तर चहा उकळेल. नाही तर चूल अशीच राहील! जा, सांग त्यांना!"

कुणाला सांगायचं? अण्णा तर घोरत होते. खुर्रर्र… फूस्!

टुणुक टुणुक टुणुक. झुपकी इंजिनाकडे गेली.

"इंजिनदादा, इंजिनदादा, जरा चाल ना. चहा काही उकळेना, अण्णा काही उठेनात, ब्रश काही घासेना, तेल काही मुरेना, हातोडा काही ठोकेना, नळी काही चढेना, पाना काही वळेना, बोल्ट काही फिरेना, शेंगा काही मिळेनात, पिल्लं माझी झोपेनात!"

इंजिनाचं नाक होतं चोंदलेलं. नाक चोंदलं की बोलणं कसं होतं? असं होतं.

"बी कसा चालू?" इंजिन म्हणालं. "बाझं डाक बंद आहे! कुडीतरी बाझ्या डाकात कापूस कोंबलाय! आडि शेंगा! बोल्ट फिरेल तर चालेड. डाही तर इथेच शिंकेड!"

नाकात कापूस? नाकात शेंगा? कुणी बरं कोंबल्या?

झुपकीने इकडे पाहिलं. झुपकीने तिकडे पाहिलं. मग तिने आपली शेपटी चाटली.

बोल्टापासून निघाली, बोल्टापाशी आली. झुपकी मटकन खाली बसली. पाना म्हणतो नळी, नळी म्हणते हातोडा. अण्णा म्हणतात चहा, काकू म्हणतात इंजिन. आणि इंजिन म्हणतं बोल्ट! जो तो दुसऱ्याची वाट बघतो. वर झाडावर पिल्लं रडतात.

चिक चिक चिक! चिक चिक चिक!

आता मात्र झुपकीला आला राग. शेपटी पिंजारली. मिशा थरथरल्या.

पत्र्यावर बसली होती एक साळुंकी. पिवळी चोच, पिवळे पाय. गावात कुणी शिंकलं तरी ती त्याची नक्कल करायची.

"काय गं झुपके," साळुंकी म्हणाली, "शेपटीचा झाडू का केलास?"

"साळुंके, साळुंके, काय सांगू तुला! इंजिन काही चालेना, चहा काही उकळेना, अण्णा काही उठेनात, ब्रश काही घासेना, तेल काही मुरेना, हातोडा काही ठोकेना, नळी काही चढेना, पाना काही वळेना, बोल्ट काही फिरेना, शेंगा काही मिळेनात, पिल्लं माझी झोपेनात!"

"एवढंच ना?" साळुंकी म्हणाली.

"तूही सांग मग," झुपकी म्हणाली. "तुला कोण हवं? कुणी आलं तर तू हलशील?"

"मला? मला कुणी नको. अण्णांना चिडवायचं ना? चिडवायला चहा लागत नाही!"

साळुंकी उडाली. भुर्रर्र! बाजेच्या कडेवर जाऊन बसली. आणि मोठ्ठ्याने गाऊ लागली.

"धोंडीअण्णा, मिशी मोठी!
बोल्टाची भीती पोटी!
खुर्रर्र फूस्! खुर्रर्र फूस्!"

कोंबड्या हसल्या. कुक् कुक् कुक्! रेडकू हसलं. ऑंय ऑंय! काकू पदर तोंडाला लावून हसल्या. वाटेने बाजाराला चाललेली माणसं थांबली आणि तीही हसली.

अण्णांनी डोळा उघडला. आता पुरता. मग दुसराही उघडला.

"कोण म्हणतं भीती?" अण्णा ओरडले.

"धोंडीअण्णा, मिशी मोठी!
बोल्टाची भीती पोटी!"

अण्णा उठले ताडकन! एक चप्पल सापडली. दुसरी सापडली नाही. तसेच धावले.

साळुंकी चिडवू लागली. अण्णा पळू लागले. अण्णांनी ब्रश धरला. ब्रश घासू लागला.

घसर घसर घसर!

गंज उडाला. अण्णांच्या मिशीत बसला. बोल्टावर बुधली कलंडली. तेल टपकू लागलं.

टप टप टप!

"झालं!" अण्णा म्हणाले. "आणा तो हातोडा!"

"अहो, थांबा!" काकू म्हणाल्या. "तेल मुरू द्या. लोणचं मुरतं ना, तसं."

"किती वेळ?"

"मी म्हणेन तोवर."

अण्णा हळूच बाजेकडे वळले. साळुंकीने हळूच चोच उघडली. अण्णा गुपचूप इंजिनाकडे वळले.

कडुनिंबाची सावली विहिरीपाशी होती. ती सरकत सरकत उंबऱ्यापाशी आली. अण्णा उभे. काकू उभ्या. झुपकी एका पायावर उभी, दुसऱ्या पायावर उभी. बोल्टाच्या अंगात तेल हळूहळू उतरत होतं.

"हां," काकू म्हणाल्या. "आता."

तेल मुरलं. हातोडा ठोकू लागला.

ठण ठण ठण! फार जोरात नाही. फार हळू नाही. ठण ठण ठण!

"ए! डोकं दुखतं माझं!" बोल्ट ओरडला.

हातोडा ठोकून झाला. पाना बोल्टावर बसला. पान्यावर नळी चढली. भूऽऽऽ! आखूड दांडा लांब झाला. अण्णांनी नळी धरली. जोर लावला.

हुंऽऽऽ! अण्णांचे गाल फुगले. बोल्ट फिरेना.

हुंऽऽऽ! अण्णांचे कान लाल झाले. बोल्ट फिरेना.

"बघा, बघा!" बोल्ट म्हणाला. "मी लोखंडाचा!"

अण्णांनी नळी सोडली. मान खाली घातली. झुपकीला रडू फुटलं. एवढं सगळं केलं, आणि शेंगा काही मिळेनात!

काकू पुढे आल्या.

"अहो, बरणीचं झाकण अडकलं तर मी काय करते? आधी जरासं आवळते. मग सोडते. आवळा आधी!"

"आवळू?" अण्णा म्हणाले. "आवळलेलाच तर आहे!"

"आवळा म्हणते ना!"

अण्णांनी नळी उलट ढकलली. अगदी जराशी. तिळाएवढी.

"हा हा हा!" बोल्ट हसला. "मला आणखी आवळतात! वेडे कुठले! हा हा…"

कट्ट!

गंज तुटला. बोल्टाचं हसू अर्ध्यात राहिलं.

"आता सोडा!" काकू म्हणाल्या.

अण्णांनी नळी ओढली. कुईऽऽऽ! पाना वळला. कुईऽऽऽ! बोल्ट फिरला. एकदा फिरला, दोनदा फिरला, गर्रर्र फिरला आणि टणकन खाली पडला. अण्णाही पडले. धप्पकन!

झाकण उघडलं. आत कापूस. कापसात शेंगा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात!

"अरे वा!" अण्णा म्हणाले. "माझं इंजिन, माझं झाकण. म्हणजे शेंगा माझ्या!"

आणि त्यांनी एक शेंग उचलली. तोंडापाशी नेली.

झुपकीचा श्वास थांबला. पण पाय थांबले नाहीत. टुणुक! ती अण्णांच्या गुडघ्यावर चढली. टुणुक! पोटावर चढली. टुणुक! थेट मिशीसमोर उभी राहिली.

"अण्णा, त्या शेंगा माझ्या! ठेवा खाली!"

एवढीशी खार. एवढा मोठा आवाज.

अण्णांनी झुपकीकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं. काकूंचे हात कमरेवर होते. अण्णांनी वर पत्र्याकडे पाहिलं. साळुंकी घसा साफ करत होती.

अण्णांनी शेंग खाली ठेवली. पटकन.

टुणुक टुणुक, एक शेंग झाडावर. टुणुक टुणुक, दुसरी शेंग झाडावर. सात वेळा खाली, सात वेळा वर. तोवर अण्णांनी सगळा कापूस उपसला.

"आऽऽऽ… छू!" इंजिन शिंकलं. "हुश्श! नाक मोकळं झालं!"

फुक फुक फुक! इंजिन चालू लागलं. भळभळ भळभळ! पाणी येऊ लागलं. वांग्यांनी माना वर केल्या. बुड बुड बुड! चहा उकळू लागला. पहिला कप काकूंनी घेतला. बसून घेतला. फुर्र करून घेतला. अण्णा बघत राहिले.

मग काय झालं? मग सगळ्यांना कंठ फुटला.

"बोल्ट मी काढला," ब्रश म्हणाला. "मी घासलं नसतं तर?"

"मी काढला," बुधली म्हणाली. टप्!

"मी काढला," हातोडा म्हणाला.

"मीऽऽऽ!" नळी म्हणाली.

"मी वळलो म्हणून निघाला," पाना आ वासून म्हणाला.

"मेकॅनिक कशाला?" अण्णा वाटेवरच्या माणसांना सांगू लागले. "माझ्या हातांत जादू आहे!"

आणि खाली सांडलेल्या तेलात पडलेला बोल्ट म्हणाला, "छे छे! मला फिरायचंच होतं. कुणी नीट विचारलंच नाही!"

झुपकीने यातलं काही ऐकलं का? मुळीच नाही.

ती ढोलीत होती. पहिल्या पिल्लाला दोन शेंगा. दुसऱ्या पिल्लाला दोन शेंगा. तिसऱ्या पिल्लाला दोन शेंगा. आणि सातवी? सातवी झुपकीची.

पिल्लांची पोटं भरली. पिल्लं शेपटीखाली शिरली. एक झोपलं, दोन झोपली, तीनही झोपली.

खाली सगळे करत होते, "मी! मी! मी!"

वर झुपकी करत होती, कुडुम कुडुम कुडुम.

शेंग फुटली फट्,
गोष्ट मिटली झट्!